पंचाची दुर्बीण

दाऊदनं दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली, शर्टाच्या टोकानं तिच्या काचा पुसल्या आणि पुन्हा लावून पाहिली.

"हिच्यात धूर भरलाय," तो म्हणाला.

"धूर कसला?" लष्करी बुटांच्या ढिगाशेजारी बसलेला गोरक्षनाथ म्हणाला. "माझ्या दुकानात एवढी एकच धड आहे. मी स्वतः पाहून लावून ठेवलीय."

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. भिंगारच्या छावणीतून लिलावात निघालेले बूट, बादल्या, घोंगड्या आणि पाण्याच्या बाटल्या गोरक्षनाथच्या दुकानातून उतू जाऊन रस्त्यावर आल्या होत्या. दुर्बिणी मात्र दोनच उरल्या होत्या. एक ही, आणि दुसरी दाराशी, खिळ्यांच्या डब्यावर आडवी पडलेली.

"द्या बरं इकडं," छगन म्हणाला.

छगन निंबळकचा शेतकरी. दाऊदच्या कबुतरांना बाजरी तोच पुरवायचा, आणि पाखरांच्या नादापायी दोघांची दोस्ती जमून आता दोघांच्याही दाढ्या पांढऱ्या झाल्या होत्या. भिंगारचे दुकानदार फसवतात अशी दाऊदची पक्की समजूत होती, म्हणून त्यानं छगनला मुद्दाम सोबत आणलं होतं. छगननं दुर्बीण रस्त्यापलीकडच्या चर्चच्या मनोऱ्यावर रोखली.

"आवो, लई साफ हाय की. टोकाला पाखरू बसलंय बघा. पारवा आसंल."

दाऊदनं मनोऱ्याकडं पाहिलं. मनोऱ्याची कड त्याला धागे निघालेल्या कापडासारखी दिसत होती, पाखराचा तर पत्ताच नव्हता. आज हवेत धूळ फार आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. स्वतःच्या डोळ्यांबद्दल त्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. कापडबाजारामागच्या बोळात तो शिंपीकाम करत होता आणि त्याच्या वयाचे सगळे शिंपी नाकावर चष्मा चढवून बसत होते. त्यालाही मध्ये चाळिशी लागली होती, पण गेल्या दोनेक वर्षांत चष्मा आपोआप सुटला. आता तो दिव्याच्या उजेडातही बारीक सुईत दोरा ओवायचा. बोळातले लोक त्याचं कौतुक करायचे आणि तो वर बोट दाखवून मेहेरबानी त्याची म्हणायचा.

त्यानं दाराजवळची दुर्बीण उचलली.

"ती नका घेऊ," गोरक्षनाथ म्हणाला. "कुठल्या तरी वाळवंटात पडून आलीय. चाकं जाम झालीत. यातून मला कधी कुणाचं तोंड ओळखता आलेलं नाही."

दाऊदनं ती डोळ्यांना लावली. मनोऱ्याच्या विटा एकेक करून दिसत होत्या. त्यांच्यामधला चुना दिसत होता. टोकावरचं पाखरू मान वळवून पंखाखाली चोच घालत होतं आणि त्याच्या छातीवर तांबूस आडवे पट्टे होते.

"पारवा नाही, छगन. शिक्रा आहे."

छगननं चांगली दुर्बीण परत लावली, बराच वेळ पाहिलं.

"व्हय की. शिक्राच हाय." मग त्यानं दाऊदच्या हातातली जाम झालेली दुर्बीण घेऊन पाहिली आणि लगेच परत दिली. "हिच्यात तर नुसतं ताक घुसळल्यावानी दिसतंय. तुमाला शिक्रा कसा दिसला?"

गोरक्षनाथनं बुटाच्या नाड्या सोडवता सोडवता वर पाहिलं.

"जवळचं बरं दिसतं का तुम्हाला, मियाँ? अगदी बिनचष्म्याचं?"

"सुईत दोरा ओवतो."

"माझ्या भावाचं असंच झालं होतं. म्हातारपणी जवळचं उघडलं आणि लांबचं मिटलं. तो पण खूश होता बिचारा. पुढं मोतीबिंदू निघाला." त्यानं नाडी ओढून काढली. "जाम झालेली दुर्बीण नेमकी तुमच्या डोळ्याला लागलीय, बाकी काही नाही."

दाऊदनं दुर्बीण खाली घेऊन उघड्या डोळ्यांनी आभाळाकडं पाहिलं. तिथं काहीतरी काळं फिरत होतं. घार असेल, कावळा असेल, कबूतरही असेल. त्याला सांगता येईना. छगनला त्यानं विचारलंही नाही.

याच आभाळाखाली, गेल्या हिवाळ्यात, त्याचं नाक कापलं गेलं होतं.

नगरातले कबुतरांचे शौकीन दर हिवाळ्याला पाखरं उडवण्याची शर्यत लावत. ज्याचा दिवस, त्याच्या गच्चीवर सगळे जमत. सकाळी पाखरू सोडायचं, आणि ते जितका वेळ वर राहील तितकी त्याची शान. कधी ते इतकं वर जाई की डोळ्याला दिसेनासं होई. त्याला ते तारा होणं म्हणत. तारा झालेलं पाखरू असरच्या, म्हणजे उन्हं कलतानाच्या, अजानपूर्वी पंचाला एकदा तरी दिसलं पाहिजे, नाहीतर ते हरवलं असं धरायचं आणि शर्यत संपायची. गेल्या वर्षी दाऊदची हिना तारा झाली. पंच होता ट्रंकवाला मोहियोद्दीन. अजान व्हायच्या बेताला दाऊदनं वर बोट दाखवून सांगितलं, ती बघा, माझी हिना. मोहियोद्दीननं कपाळावर हात धरून पाहिलं आणि तो हसला.

"दाऊदभाई, ती घार आहे."

मग सगळी गच्ची हसली. दाऊदनं शपथ घेतली, आपल्या बापाचं नाव काढलं, मी डोळ्यांनी पाहतोय म्हणून ओरडला, आणि तो जितका ओरडला तितकं हसू वाढत गेलं. हिना परत आली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवसापासून कापडबाजारात डोक्यावरून घार गेली की कुणीतरी म्हणे, दाऊदभाई, तुमचं कबूतर. वर्षभर तो हे ऐकत आला होता. कोटाला काज करताना, नमाजाला जाताना, भाजी घेताना. तो दात-ओठ खाऊन पुढं जायचा आणि रात्री पडल्या पडल्या मोहियोद्दीनचं ते हसू पुन्हा पुन्हा पाहायचा.

आणि आता हा बूट विकणारा माणूस नकळत सांगत होता की ती घारच होती.

एखाद्याला अशा वेळी शरम वाटली असती. दाऊदलाही वाटली, पण घोटभर. मग तिच्या जागी दुसरंच काही वर आलं. मोहियोद्दीन खरं बोलला होता, आणि खरं बोलून हसला होता. खोटं बोलला असता तर त्याला एक वेळ माफ करता आलं असतं.

शौकिनांचा एक जुना रिवाज होता. ज्याचं पाखरू हरवलं त्याचं मन राखायला पुढच्या वर्षी पंचाची जागा त्याला द्यायची. येत्या शुक्रवारी मोहियोद्दीनचा दिवस होता, त्याचा नवाब उडणार होता, आणि पंच होता दाऊद. अजान होत आली की वर बोट दाखवून मोहियोद्दीन म्हणेल, तो बघा माझा नवाब. आणि मग पंच म्हणेल, मोहियोद्दीनभाई, ती घार आहे. हे वाक्य दाऊद वर्षभर तोंडात घोळवत होता. दुर्बीण त्यासाठीच हवी होती. दुर्बीणवाल्या पंचाला कोण खोटं पाडणार?

"ही चांगली घ्या," गोरक्षनाथ म्हणाला. "हिची चाकं फिरतात. तुमच्या डोळ्यापुरती लावून देतो, शिक्राच काय, त्याच्या अंगावरची ऊ दिसेल. थोडी महाग आहे, पण सवडीनं द्या पैसे."

"जी फिरते ती कुणाच्याही डोळ्याला लागते," दाऊद म्हणाला.

"म्हणजे?"

"काही नाही. ही जाम झालेली द्या."

ती एका कोटाच्या शिलाईत मिळाली. गोरक्षनाथला ती विकली गेल्याचंच आश्चर्य वाटत होतं. भिंगारहून दोघं नगरला चालत निघाले. वेस दिसू लागल्यावर छगन म्हणाला, "दाऊदभाई, मिरजंला मोठा दवाखाना हाय. डोळ्याचं हितं ऱ्हाऊ देऊ नका."

"शुक्रवार होऊ दे."

"शुक्रवारी काय हाय?"

"नवाब उडणार आहे," दाऊद म्हणाला आणि त्यानं विषय बाजरीवर नेला.

घरी त्यानं दुर्बीण सरवरीच्या हातात दिली. त्याच्या बायकोनं ती आधी उलटी धरली, मग सुलटी.

"काय दिसतं?"

"काय दिसायचं? मेलं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं."

दाऊद खूश झाला. त्यानं दुर्बीण काढून घेतली, मऊ फडक्यात गुंडाळली आणि शिलाईच्या मशीनशेजारी ठेवली. मशीनवर राधाकृष्ण मुनीमाचं घडी न मोडलेलं कापड होतं. मुलीच्या लग्नात घालायला मुनीमाला बंद गळ्याचा कोट हवा होता आणि असा कोट नगरात दाऊदशिवाय कुणी शिवू नये असं मुनीम चारचौघांत सांगायचा. दाऊदनं दोरा जिभेनं ओला केला आणि एका फटक्यात सुईतून काढला. सरवरी त्याच्याकडं पाहत होती.

"मोहियोद्दीनभाईनं असं काय घेतलं तुमचं?" तिनं विचारलं. "ईदला शीरखुर्मा पाठवतात. मी आजारी होते तर त्यांच्या घरून डबा येत होता."

"त्याच्या डब्यानं माझं पोट नाही भरलं."

"आणि हे असं केल्यानं भरेल?"

भरेल असं दाऊदला वाटत होतं. मोहियोद्दीन दुर्बीण मागेल, आपण ती लगेच देऊ. तो डोळ्याला लावेल आणि त्याला ताक दिसेल. मग आपण अगदी नरमाईनं विचारायचं, दिसत नाही का तुम्हाला, मोहियोद्दीनभाई? वय झालं वाटतं. हा भाग तर त्याला सगळ्यांत जास्त आवडत होता.

शुक्रवारी मोहियोद्दीनच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या घातल्या होत्या, चहाच्या किटल्या वर येत होत्या. मोहियोद्दीननं दाऊदला हाताला धरून पंचाच्या खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावर शाल घातली. दाऊदच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडं पाहून त्यानं मान डोलावली.

"आता चूक व्हायला जागाच नाही," तो म्हणाला.

"नाही," दाऊद म्हणाला.

नवाब पांढराशुभ्र होता, काळ्या शेपटीचा. सकाळी सोडला तेव्हा त्यानं घरावरून एक गिरकी घेतली आणि चढत गेला. दुपारच्या जेवणापर्यंत तो तारा झाला होता. जमलेले लोक माना दुखेपर्यंत वर पाहत होते आणि दाऊद अधूनमधून दुर्बीण लावून पाहिल्यासारखं करत होता. राधाकृष्ण मुनीम त्याच्या बाजूलाच बसला होता. छगन निंबळकहून आला होता आणि कठड्याला टेकून उभा होता.

उन्हं कलली. मशिदीकडून केव्हाही अजान येईल अशी वेळ झाली आणि गच्चीवरचं बोलणं आपोआप थांबलं. मोहियोद्दीन कपाळावर हात धरून उभा होता. हिनाच्या वेळी होता तसाच.

"तो बघा," तो म्हणाला. "किल्ल्याच्या अंगाला. ठिपका दिसतोय का? माझा नवाब."

काहींना ठिपका दिसला, काहींना नाही. कुणी म्हणालं कबूतर, कुणी म्हणालं सांगता येत नाही. सगळ्यांनी पंचाकडं पाहिलं. दाऊदनं दुर्बीण उचलली. ठिपका सापडायला थोडा वेळ लागला, मग सापडला. पांढरं पोट. काळी शेपटी. पंख अजिबात न थांबता मारत तो एका जागी चढत होता, उन्हात त्याच्या पंखांच्या कडा चमकत होत्या. दाऊदनं आयुष्यात इतकं सुंदर उडणारं पाखरू पाहिलं नव्हतं. हिनासुद्धा अशी उडाली नसेल. आणि उडाली असली तरी त्यानं ते पाहिलं नव्हतं.

त्यानं दुर्बीण खाली घेतली.

"मोहियोद्दीनभाई," तो म्हणाला, "ती घार आहे."

कुणी हसलं नाही. मोहियोद्दीन क्षणभर वर पाहत राहिला. दाऊदनं दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढून तयार ठेवला होता. पण मोहियोद्दीननं दुर्बीण मागितलीच नाही.

"पंच म्हणतात तर घार," तो म्हणाला. तेवढ्यात अजान झाली. "नवाब हरवला. अल्लाची मर्जी. चहा पिऊन जा सगळे."

आणि तो खाली बसून पेले भरू लागला. दाऊदच्या हातात पट्टा तसाच राहिला. वर्षभर जे मनात शिजवलं होतं ते पानात आलं होतं, पण त्याला चव नव्हती. मोहियोद्दीननं ओरडायला हवं होतं. बापाचं नाव काढायला हवं होतं.

"आरं, ती घार खाली येतीय," कठड्यापाशी छगन म्हणाला.

ठिपका मोठा होत होता. तो पंख मिटून सरळ खाली सुटला, मशिदीच्या घुमटापाशी त्यानं पंख उघडले, आणि काळ्या शेपटीचं पांढरं कबूतर मोहियोद्दीनच्या खुराड्यावर येऊन बसलं. धाप लागल्यामुळं त्याचं अंग हलत होतं. सगळ्यांनी तो ठिपका शेवटपर्यंत नजरेत धरला होता. तो दुसरं काही असण्याची शक्यताच नव्हती.

मग मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "उट्टं काढलं."

"पंचाच्या खुर्चीवर बसून खोटं बोलला," दुसरा म्हणाला. "दुर्बीण लावून."

दाऊदनं कुणाकडं पाहिलं नाही. मोहियोद्दीन उठून त्याच्याजवळ आला. त्यानं काही न विचारता दाऊदच्या हातातून दुर्बीण घेतली आणि खुराड्यावरच्या नवाबावर रोखली. मग मशिदीच्या घुमटावर. मग लांब किल्ल्याकडं. त्यानं ती खाली घेतली तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"दाऊदभाई, यातून तर काहीच दिसत नाही. तुम्हाला यातून साफ दिसतं?"

दाऊदला बोलणं भाग होतं. दिसतं म्हणावं तर खोटारडा, आणि नाही म्हणावं तर तसली दुर्बीण गळ्यात घालून पंच कशाला झालास? त्यानं छगनकडं पाहिलं. छगनही त्याच्याकडंच पाहत होता. भिंगारला चर्चच्या टोकावरच्या शिक्र्याच्या छातीवरचे पट्टे दाऊदनं याच दुर्बिणीतून सांगितले होते, हे त्या गच्चीवर फक्त छगनला माहीत होतं.

"दाऊदभाई खोटं न्हाई बोलले," छगन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्येंला दिसतच न्हाई. डोळ्यात मोतीबिंदू हाय. भिंगारच्या दुकानदारानं मला सोता सांगितलं. त्येंनी कुणाला कळू दिलं न्हाई, येवढंच."

एवढं बोलून त्यानं तोंड किल्ल्याकडं फिरवलं.

मोहियोद्दीन दुर्बीण हातात धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांना दिसलं, दाऊदला तर इतक्या जवळून फारच स्पष्ट दिसलं.

"म्हणजे गेल्या वर्षीही," तो म्हणाला. "तुम्हाला खरंच ती हिना वाटली होती. आणि मी हसलो." त्यानं सगळ्या गच्चीसमोर दाऊदचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान खाली घातली. "भाईजान, माफ करा मला. एका आंधळ्या माणसाला आम्ही वर्षभर हसत होतो."

दाऊद त्याच्या वाकलेल्या टोपीकडं पाहत राहिला. टोपीची शिवण एका ठिकाणी उसवली होती. याच एका गोष्टीसाठी तो वर्षभर जगला होता, मोहियोद्दीनची मान सगळ्यांसमोर खाली जावी. ती गेली होती. त्याला हात सोडवून घ्यायचे होते आणि सोडवता येत नव्हते.

"माफ केलं," तो म्हणाला.

लोक उठू लागले. आता कुणी त्याच्यावर रागावलेलं नव्हतं. ज्यांनी खोटारडा म्हटलं होतं ते येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. बोलताना ते आवाज जरा चढवून, सावकाश बोलत होते. राधाकृष्ण मुनीम सगळ्यांत शेवटी आला. तो बराच घुटमळला.

"दाऊदभाई, ते कोटाचं कापड," तो म्हणाला. "कात्री लावली नसेल ना अजून?"

"नाही."

"मग राहू द्या तसंच. तुम्ही दगदग करू नका. मी उद्या माणूस पाठवून नेतो."

मुनीमाच्या उपरण्याच्या काठातला एकेक धागा दाऊदला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. सुईत दोरा ओवून दाखवतो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मोहियोद्दीनच्या टोपीची उसवलेली शिवण इथंच, उभ्या उभ्या घालून दाखवतो. त्यानं कठड्याकडं पाहिलं. छगन अजून पाठमोराच उभा होता.

"न्या," दाऊद म्हणाला.

मोहियोद्दीननं दुर्बीण त्याच्या गळ्यात परत घातली, शाल सारखी केली आणि त्याचा दंड धरून त्याला जिन्यापाशी आणलं. जिना अरुंद होता. भिंतीवरचा चुन्याचा पोपडा, पायरीवर कुणाच्या तरी चहाचा सांडलेला थेंब, सगळं दाऊदच्या नजरेसमोर लखलखीत होतं.

"जपून, भाईजान," मोहियोद्दीन म्हणाला. "इथं पायरी आहे."

मागून लोक पाहत होते. दाऊदनं हात पुढं करून भिंत शोधली आणि पाय चाचपडत खाली टाकला.